गाडीचं स्थलांतर

कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं आणि नेमका त्याच वेळी विमा कंपनीचा फोन लागला. सकाळपासून चष्मेवाला हा फोन लावत होता. सकाळपासून एक गोड आवाज त्याला सांगत होता की आपला फोन आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे, आणि एवढं सांगून झालं की बासरी वाजत होती. आता कुठे बासरी थांबून जिवंत माणूस बोलायला लागलं, तर वर दोन हमाल, खाली दोन हमाल, मधे कपाट, आणि कपाट नि भिंत यांच्या मधे चष्मेवाला. फोन ठेवावा तर पुन्हा बासरी. त्याने एका हाताने फोन कानाशी धरला आणि दुसऱ्या हाताने कपाट.

चष्मेवाला म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान असलेला, लोकांचे डोळे तपासून नंबर काढून देणारा, पन्नाशीला टेकलेला साधा गृहस्थ. राहतं भाड्याचं घर मालकाला अचानक परत हवं झालं. नवं घर शोधता शोधता चपला झिजल्या, दलाल दमले, आणि एके दिवशी बायको म्हणाली, "बाबांचा वरचा मजला रिकामाच आहे." त्यावर चष्मेवाल्याने आणखी दोन दलाल गाठून पाहिले. पण थकलेला माणूस शेवटी छप्पर बघतो, मान बघत नाही. तर हे कपाट सासऱ्यांच्या जिन्यात अडकलं होतं, हे लक्षात ठेवा.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"गाडीचं स्थलांतर कळवायचं होतं," चष्मेवाला म्हणाला.

आता सरळ 'घर बदललंय, पत्ता लिहून घ्या' म्हणायला काय झालं होतं? पण त्याची एक खोड होती. बँक, कंपनी, कचेरी असं काही समोर आलं की त्याच्या तोंडातून अर्जातली भाषा बाहेर पडायची. एकदा त्याने गॅसवाल्याला फोनवर 'सिलिंडर निःशेष झाला आहे' असं सांगितलं होतं, आणि तो बिचारा स्फोट झाला असं समजून नवा सिलिंडर आणायच्या ऐवजी आग विझवायचं सामान घेऊन आला होता.

"दाबा, दाबा, डावीकडे दाबा," खालचा हमाल ओरडला.

"काय म्हणालात सर? हस्तांतर?"

त्याच क्षणी कपाटाचा पाय चष्मेवाल्याच्या पायावर आला. "हो हो, तेच, तेच," तो कळवळून म्हणाला.

"बरं. म्हणजे गाडी आता कोणाकडे असणार?"

"सासऱ्यांकडे."

"कायमची?"

चष्मेवाल्याने कपाटाकडे पाहिलं. वरच्या मजल्याकडे पाहिलं. "आता कायमचीच म्हणायची," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला उसासा कंपनीपर्यंत पोहोचला असावा, कारण त्या बाईंनी जरा जपून विचारलं, "सर, आपल्यावर कोणाचं दडपण वगैरे नाही ना? आम्हाला विचारावं लागतं."

"छातीवर कपाट आहे. बाकी काही नाही."

"सासऱ्यांना गाडी चालवता येते?"

"येते? अहो, या भागातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलीय."

"वा, छान," बाई म्हणाल्या. त्यांनी सासऱ्यांचं नाव घेतलं, फोन नंबर घेतला, घराचा पत्ता घेतला आणि अजून काही मदत हवी का असं विचारलं. चष्मेवाल्याला एका बाजूने कपाट उचलणारा माणूस हवा होता, पण तो त्यांच्याकडे नव्हता. एक काम तरी मार्गी लागलं, या समाधानात त्याने फोन खिशात टाकला.

सासऱ्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची. त्यांनी जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवलं होतं. रस्त्यात कोणीही गाडी थांबवून त्यांना नमस्कार करायचं, आणि मास्तर नमस्काराऐवजी 'हँडब्रेक ओढा' म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डोळ्यांचा दाखला लागला. घरचा जावई चष्मेवाला, तेव्हा मास्तर ऐटीत दुकानात येऊन खुर्चीवर बसले. समोरची अक्षरं त्यांनी धडाधड वाचली. पण नजर बाजूने गेली होती. समोर बघताना उजवीकडचं त्यांना दिसतच नव्हतं. चष्मेवाल्याने दोनदा तपासलं, मोठ्या डॉक्टरांकडे पाठवून खात्री केली, आणि दाखल्यावर खरं ते लिहिलं.

खरं लिहिलं आणि फुकटचं वैर घेतलं. मास्तरांनी गाडी विकली, गॅरेजला कुलूप लावलं, आणि त्या दिवसापासून जावयाशी बोलणं सोडलं. अगदीच बोलायची वेळ आली तर लेकीकडे बघून बोलायचे. "तुमचे तपासनीस चहा घेणार का?" असं. आणि चष्मेवाला दोन हातांच्या अंतरावरच बसलेला असायचा.

आता राहायला आल्यावरही तेच. गॅरेज रिकामं, आणि चष्मेवाल्याची गाडी रस्त्यावर झाडाखाली, पाखरांच्या कृपेने पांढरी झालेली. लेकीने विचारलं, "बाबा, गॅरेज रिकामंच आहे ना?"

"रिकामं असलं म्हणून काय झालं? ते गाडीसाठी आहे."

"अहो, ही गाडीच आहे."

"ही तपासनिसांची गाडी आहे," मास्तर म्हणाले. विषय संपला. पाणी तापवायचा बॉयलरसुद्धा खालच्या मजल्यावर होता आणि वयोमानाने त्याला दोन मजले झेपत नाहीत, असं मास्तरांचं म्हणणं होतं. वर थंड पाणी यायचं.

चौथ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्याने दात घासता घासता नळ सोडला, तर पाणी गरम. त्याने हात मागे घेतला. खिडकीतून खाली पाहिलं, तर गॅरेजचं दार सताड उघडं, आत पाणी मारून फरशी धुतलेली. काहीतरी विपरीत घडलंय, एवढं त्याच्या लक्षात आलं, तोच जिन्यावर पावलं वाजली आणि मास्तर दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, डोळे ओले.

"जावईबापू," ते म्हणाले.

चष्मेवाल्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"काल संध्याकाळी कंपनीच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, अभिनंदन, तुमच्या जावयांनी गाडी तुम्हाला दिलीय, विमा तुमच्या नावावर केलाय. मी म्हटलं, बाई, चुकीच्या ठिकाणी फोन लागलाय तुमचा. तर त्यांनी तुमचं नाव सांगितलं. गाडीचा नंबर सांगितला. मी खुर्चीवर बसलोच. आणि तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत."

चष्मेवाला आताही एका शब्दाने बोलू शकत नव्हता, कारण तोंडात फेस होता. तो थुंकायला वळला, तर मास्तरांनी त्याला मिठी मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा. तो फेस त्याने गिळून टाकला.

"तुम्ही गाडी दिलीत, यातच सगळं आलं," मास्तर म्हणाले. "माझ्या डोळ्यांबद्दल तुमची चूक झाली होती, हे तोंडाने म्हणायची आता गरज नाही. मी समजलो." आणि नाक पुसत ते खाली गेले.

बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. "अहो, तुम्ही बाबांना गाडी दिलीत?"

"मी नाही दिली."

"मग कोणी दिली?"

"कपाटाने," चष्मेवाला म्हणाला आणि मटकन खाटेवर बसला.

त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांना बसवून ठेवून त्याने पुन्हा बासरी ऐकली. या वेळी तर ती त्याला पाठ झाली होती. अखेर फोनवर त्याच बाई आल्या. त्याने शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितलं की मला गाडी द्यायची नव्हती, फक्त घर बदललं होतं. बाईंनी मोठ्या सहानुभूतीने ऐकून घेतलं. "बदलता येईल ना, सर. नव्या मालकांनी फक्त कळवायचं की त्यांना गाडी नको."

"म्हणजे मी त्यांना जाऊन सांगायचं, की मी तुम्हाला गाडी दिलीच नव्हती?"

"आपल्याला अवघड वाटत असेल तर आम्ही फोन करून सांगू."

"नको," चष्मेवाला घाईने म्हणाला.

"मग गाडीचे कागदही लवकर त्यांच्या नावावर करून घ्या. विमा एकाचा आणि गाडी दुसऱ्याची, असं फार दिवस चालत नाही. उद्या काही झालं तर कंपनी भरपाई देणार नाही. आणि हो सर, गाडी चालवणारे म्हणून त्यांनी दोन नावं दिलीत. एक तुमचं, दुसरं स्वतःचं. लायसन्सचं विचारलं तर म्हणाले, डोळ्यांचा दाखला काय, तो आता मिळेल, घरचाच माणूस आहे."

चष्मेवाल्याने फोन ठेवला. समोरच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काही वाईट बातमी का हो?"

"खालची ओळ वाचा," चष्मेवाला म्हणाला.

आता त्याची अवस्था अशी झाली की धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. खरं सांगावं, तर म्हातारा एका दिवसात दहा वर्षांनी खचेल, आणि वरच्या मजल्याला गरम पाणीच काय, थंडही मिळणार नाही. न सांगावं, तर गाडी गेली ती गेलीच, पण उद्या मास्तर दाखला मागायला खुर्चीत येऊन बसतील. आणि दाखल्याचीही वाट न बघता ते गाडी काढून बसले तर? गाडी गेल्याचं दुःख तो गिळून टाकायला तयार होता. तसं गिळायचं त्याला वळणच पडलं होतं. पण मास्तर रस्त्यावर, या विचाराने त्याची झोप उडाली.

"सांगून टाका," बायको म्हणायची.

"तू सांग. तुझे बाबा आहेत."

"गाडी तुमची आहे."

"आता तीही त्यांचीच आहे," चष्मेवाला म्हणायचा, आणि दोघं गरम पाण्याने हात धुऊन जेवायला बसायचे.

तोवर मास्तरांनी मालकी अंगावर घेतली होती. गाडी आतून बाहेरून पुसली. आसनांना नवी कव्हरं घातली. वायपरचं रबर बदललं. गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून दाखवली. "जावयाने दिली," असं ते सांगत, आणि ऐकणारा कौतुकाने वर खिडकीकडे बघे, तर खिडकीत चष्मेवाला तोंड आंबट करून उभा. लोकांना वाटायचं, किती विनयशील माणूस आहे.

शिवाय रोज सकाळी मास्तर त्याच्याबरोबर दुकानापर्यंत यायला लागले. "गाडीला सवय व्हायला हवी," म्हणाले. सवय कोणाला व्हायला हवी होती, ते लवकरच कळलं. शेजारच्या आसनावर बसून मास्तर दोन्ही पाय समोर रोवायचे. तिथे ब्रेक नव्हता, पण ते तो दाबायचे, आणि गाडी थांबली नाही की त्यांना अपमान वाटायचा.

"पुढे रिक्षा."

"दिसतेय, बाबा."

"मला दिसली म्हणून सांगितलं. तिसरा टाका."

"तिसऱ्यातच आहे."

"मग ही अशी का कण्हते? कोणी शिकवलं तुम्हाला?"

चष्मेवाला गप्प बसायचा, कारण त्याला शिकवणारा मास्तरांचा प्रतिस्पर्धी होता आणि त्याचं नाव या घरात घ्यायची सोय नव्हती. दुकानात पोचेपर्यंत त्याचा शर्ट घामाने भिजलेला असायचा. संध्याकाळी परतल्यावर गॅरेजमध्ये गाडी मागे घेऊन लावायची, ती मास्तरांच्या मनासारखी लागेपर्यंत. पहिल्याच दिवशी चार वेळा आत-बाहेर झालं, तेव्हा गल्लीतली पोरंटोरं कट्ट्यावर रांगेने बसली होती. एवढ्या वर्षांत आपल्याला गाडी चालवता येते असा त्याचा समज होता. तोही गेला.

आणि तरी एक गोष्ट होती. मास्तर बोलत होते. लेकीकडे बघून नव्हे, त्याच्याकडे बघून. एकदा रस्त्यात ते म्हणाले, "दोन वर्षं घर खायला उठायचं हो. वर पावलं वाजतात ते बरं वाटतं." आणि लगेच म्हणाले, "आरशात बघा, आरशात." चष्मेवाल्याने आरशात पाहिलं. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं म्हणून त्याला नीट दिसलं नाही. असलं बोलणं ऐकल्यावर कोणत्या तोंडाने सांगणार, की बाबा, मी तुम्हाला काही दिलेलं नाही, माझा पाय कपाटाखाली सापडला होता?

मग एका दुपारी बायकोचा फोन आला. चष्मेवाला एका बाईंच्या डोळ्यांवर तपासायची जड फ्रेम चढवून भिंगं बदलत होता.

"अहो, किल्ली खुंटीवर नाही."

"खिशात बघ माझ्या."

"तुमचा खिसा तुमच्याबरोबर आहे. आणि बाबा घरात नाहीत."

चष्मेवाला तसाच उठला. "आलोच," असं त्या बाईंना सांगून तो दुकानाच्या पायऱ्या उतरला, आणि त्या बाई एका डोळ्यावर भिंग नि एका डोळ्यावर काळी चकती घेऊन तशाच बसून राहिल्या. आज गाडी घरीच होती, कारण मास्तरांनी तिचं तेल बदलायला काढलं होतं. रिक्षा मिळेना. तो पळाला, दम लागला तेव्हा चालला, मग पुन्हा पळाला. कोपऱ्यावर घोळका दिसला तेव्हा त्याच्या छातीत धस्स झालं. जवळ गेला तर टोमॅटो स्वस्त झाले होते. लोक पिशव्या भरत होते. त्याला त्या टोमॅटोवाल्याचे पाय धरावेसे वाटले.

गल्लीत वळला तर गाडी गॅरेजमधून अर्धी बाहेर आलेली. इंजिन बंद. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून मास्तर बसलेले, अगदी शिकवताना सांगत तसे, पाठ ताठ. बायको फाटकाशी उभी होती, जवळ जायचा तिला धीर होत नव्हता. चष्मेवाला दार उघडून शेजारच्या आसनावर बसला. आपोआप त्याचेही दोन्ही पाय समोर रोवले गेले.

"कुठे निघाला होतात, बाबा?"

"कुठेच नाही. नुसती कोपऱ्यापर्यंत नेऊन आणणार होतो." मास्तर समोर बघत होते. "बाहेर काढताना उजव्या आरशात बघावं म्हटलं. तर आरसाच नाही. म्हटलं, कोणी चोरला? मान वळवली तर आहे. मान सरळ केली की नाही."

चष्मेवाल्याने मान वळवून उजव्या आरशाकडे पाहिलं.

"मग ती समोरची पोरगी सायकल घेऊन आली. उजवीकडून. मला दिसली ती पुढे निघून गेल्यावर. घंटी वाजवत होती म्हणे. म्हणाली, मास्तर आजोबा, मी किती घंटी वाजवली." त्यांनी बोटं ताणून वीत दाखवली. "वीतभर राहिली हो. फक्त वीतभर."

गाडीत नव्या कव्हरांचा वास येत होता.

"हेच तुम्ही लिहिलं होतंत," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, जावयाने सूड काढला. म्हाताऱ्याच्या हातातून स्टिअरिंग काढून घ्यायला सगळेच टपलेले असतात. पण आत्ता इथे बसून विचार केला, की ज्याने स्वतःची गाडी न मागता काढून दिली, तो माणूस कशाला खोटं लिहील माझ्याबद्दल? गाडी दिलीत, पण 'दाखला चुकला होता' असं काही तुम्ही म्हणाला नाहीत. ते मीच माझ्या मनाने लावलं. तुम्ही काय ते खरं लिहिलंत, आणि मी दोन वर्षं तुमच्याशी बोललो नाही."

"बाबा, मला एक सांगायचं होतं," चष्मेवाला म्हणाला. आता सांगितलंच पाहिजे असं त्याला मनापासून वाटत होतं.

"नंतर सांगा. आधी माझं ऐका. मी आत्ताच कंपनीच्या बाईंना फोन केला. म्हटलं, चालवणाऱ्यांत माझं नाव आहे ते काढा. कारण विचारलं त्यांनी. म्हटलं, बाई, जन्मभर लोकांना पास-नापास करतोय, आज स्वतःला केलं. दुसऱ्याने नापास केलं की राग येतो. स्वतः केलं की निदान मार्क तरी बरोबर पडतात." त्यांनी किल्ली काढून चष्मेवाल्याच्या हातात ठेवली. "घ्या. लावा आत. आणि एका दमात लावा, लोक बघताहेत."

चष्मेवाला स्टिअरिंगवर बसला. गाडी एका दमात आत गेली. त्याचं त्यालाच खरं वाटेना.

"स्टिअरिंग उशिरा फिरवलंत," मास्तर म्हणाले.

मग दुकानात बसून राहिलेल्या बाईंची त्याला आठवण झाली आणि तो पुन्हा पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बूट घालत असताना फोन वाजला. बासरी नव्हती. या वेळी कंपनीनेच त्याला केला होता.

"सर, एक दिलगिरी व्यक्त करायची होती," त्याच बाई म्हणाल्या. "काल आपल्या सासऱ्यांचा फोन आला, म्हणून सगळं प्रकरण पुन्हा उघडलं. आपलं पहिलं बोलणं ऐकलं. आपण 'स्थलांतर' म्हणाला होतात, सर. स्पष्ट ऐकू येतं. कपाटाचाही आवाज येतो. चूक आमचीच आहे. आता कोणाच्या संमतीची गरज नाही. आपण हो म्हणालात की गाडी, विमा, सगळं होतं तसं आपल्या नावावर. सासऱ्यांना आम्हीच समजावून सांगू."

एवढे दिवस चष्मेवाला याच वाक्यासाठी देव पाण्यात घालून बसला होता. आता ते वाक्य आलं, आणि त्याला खिडकीशी जावं लागलं. खाली गॅरेजसमोर गाडी उभी होती. मास्तर शेजारच्या आसनावर पट्टा बांधून तयार बसले होते. आपल्या बाजूच्या खिडकीची काच ते रुमालाने पुसत होते, मान पूर्ण वळवून, कडेकडेपर्यंत. बायको चहाचे कप घेऊन मागे येऊन उभी राहिली. फोनवरचं तिनेही ऐकलं होतं.

"सर? आहात ना?"

"आहे," चष्मेवाला म्हणाला. "तुमची काही चूक नाही. गाडी त्यांचीच आहे."

"पण सर, मी स्वतः ऐकलंय—"

"मी बोलताना चुकलो असेन. असू दे. कागद या आठवड्यात त्यांच्या नावावर करून टाकतो."

"ठीक आहे, सर. मग फक्त एकदा खात्री करून घेते. गाडीचे मालक आपले सासरे. आणि गाडी चालवणार कोण?"

खालून हॉर्न वाजला. मास्तर हात लांब करून तो दाबत होते.

"तेच," चष्मेवाला म्हणाला.

"त्यांनी तर स्वतःचं नाव काढलंय ना, सर?"

"काढलंय. पण चालवतात तेच. मी त्यांच्यासाठी फक्त रस्ता बघतो."

"सर, असा पर्याय नाहीये आमच्याकडे."

"मग माझं नाव घाला," चष्मेवाला म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून जिना उतरला.